धावणे सोडले, वल्हवणे नाही

ज्यांना नुकतेच डॉक्टरांनी "यापुढे दमायचे नाही" असे सांगितले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पायांत बळ आहे, आरशात माणूस धडधाकट दिसतो, आणि तरीही त्याला सांगितले जाते की तुझा दमच तुझा घात करील. अशा माणसाचे सांत्वन कसे करावे, हे मला अजून कळलेले नाही. मी काय केले, एवढे सांगू शकतो. ते करू नये.

माझा आजार हृदयाच्या स्नायूंचा आहे आणि तो घराण्यातून येतो. उजव्या बाजूचा स्नायू हळूहळू विरत जातो, त्या जागी चरबी आणि व्रण धरतात, आणि एखाद्या क्षणी हृदयाचा ठेका सुटतो. सुटला की माणूस कोसळतो. हृदयाला जितके राबवावे तितके हे विरणे वाढते. माझे वडील ऐन चाळिशीत खडकीच्या कारखान्यातून सायकलने घरी येताना गेले. "अॅटॅक आला" एवढे म्हणून आम्ही गप्प बसलो. अधिक विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. वैद्यकीय माहिती यापलीकडे मी देणार नाही. ती तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा बरी देतील.

तो रविवार

कॉलेजात असताना मी मुळा नदीवर रोइंग, म्हणजे शर्यतीची बोट वल्हवणे, करीत असे, आणि पुढेही बरीच वर्षे केले. मग एका कारखान्यातली माझी नोकरी सोडून सॉफ्टवेअरमध्ये आलो. दिवस खुर्चीत जाऊ लागला, हिंजवडीहून बिबवेवाडीला परतेपर्यंत अंधार पडू लागला. नदी लांब राहिली, रस्ता मात्र दाराशी होता. म्हणून धावू लागलो. कार्यालयात धावणाऱ्यांचा एक गट झाला; एकसारखे टीशर्ट आले. त्या मुलांमध्ये मी सर्वांत वयस्क, त्यामुळे आठवडाभर "सर" आणि रविवारी "काका".

त्या रविवारी कात्रजच्या चढावर छातीत काहीतरी भरधाव सुटले. गिअर न पडता इंजिन नुसतेच ओरडावे तसे. आत सगळा गोंगाट, आणि पायांपर्यंत काहीच पोहोचेना. मी कठड्याला धरून खाली बसलो.

"काका, सेल्फी काढताय का?" पुढे जाता जाता एकाने विचारले. उत्तर आले नाही म्हणून तो मागे वळला. त्या वळण्यामुळे मी आज हे लिहितो आहे.

तपासण्या झाल्यावर ज्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवले, त्या शांत आवाजाच्या आणि अस्सल पुणेरी होत्या.

"किती वर्षं पळताय?"

"पंधरा-सोळा."

"त्याआधी?"

"रोइंग करत होतो. कॉलेजपासून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे या बिचाऱ्या हृदयाला तुम्ही साप्ताहिक सुट्टी कधी दिलीच नाहीत."

मी हसलो. वसुधा, माझी पत्नी, हसली नाही.

"पळणं आजपासून बंद. धाप लागेल असं काहीही बंद," त्या म्हणाल्या. "छातीत एक यंत्र बसवू. ठेका सुटला तर ते आतून विजेचा धक्का देऊन जाग्यावर आणेल. आता सांगा, मुलं किती?"

"एक मुलगी. इंजिनिअरिंगला आहे."

"खेळबिळ काही?"

मी टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिले. शेवटी वसुधाच म्हणाली, "रोइंग."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तिची तपासणी करून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ती होईपर्यंत तिला बोटीत बसू देऊ नका."

रुग्णालयात

यंत्र बसवणे ही फार मोठी शस्त्रक्रिया नव्हे. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काड्यापेटीएवढा उंचवटा येतो. खरी कठीण गोष्ट म्हणजे दिवसभर डोक्याशी चालणारा तो पडदा, ज्यावर आपलेच हृदय हिरव्या रेघेने लिहिले जात असते. मी त्यावरून नजर काढू शकत नसे. एखादा ठोका वेडावाकडा उमटला की मी श्वास धरून पुढच्याची वाट पाही. चंद्रपूरकडची एक तरुण परिचारिका होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पडदाच भिंतीकडे फिरवला.

"काहून पाहून राहिले काका तिकडे? ते आमचं काम आहे ना."

मला त्या दिवसांत मिळालेली ती सर्वांत मोठी दया होती.

शेजारच्या खाटेवर कसबा पेठेतले एक निवृत्त मास्तर होते. माझ्या यंत्राची कीर्ती ऐकून ते म्हणाले, "आतून धक्का देतं? हळू बोला. आमची ही आत्ता डबा घेऊन येईल. ऐकलं तर माझ्यासाठी दोन मागेल."

माझी मुलगी सायली रोज संध्याकाळी रोइंगच्या सरावाहून परस्पर येत असे. ओले केस, तळहातांवर फोड, अंगाला नदीचा तो उग्र वास. ती खाटेच्या कडेला बसे आणि मी तिच्या गळ्याच्या खळगीत उडणारी शीर पाहत राही. तपासणीचे विचारले, तोवर बोट नको म्हटले, की ती म्हणे, "रेगाटा झाल्यावर. नक्की." रेगाटा म्हणजे बोटींच्या शर्यती; त्या महिन्यावर आल्या होत्या.

बसून करायचा व्यायाम

घरी आल्यावर जे झाले ते लिहिताना संकोच वाटतो, पण त्यासाठीच तर हे लिहायला घेतले.

वसुधा शाळेत शिकवते; ती सकाळीच बाहेर पडे. मी रजेवर. गॅलरीलगतच्या खोलीत रोइंगचे मशीन होते, सायलीने हा खेळ घेतला तेव्हा आणलेले. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत असे. मला मरणाची भीती वाटत नव्हती असे नाही, पण न दमता जगण्याची अधिक वाटत होती. दमल्यानंतरची ती स्वच्छ, रिकामी अवस्था हेच माझे देवघर होते. ते गेल्यावर माझ्यात काय उरते, हे मला पाहायचे नव्हते.

मग मी तुलना करू लागलो. धावताना शरीराचे सगळे वजन प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर आदळते. वल्हवताना ते बैठकीवर असते. बैठक रुळांवरून मागेपुढे सरकते आणि बोटीचा भार पाणी उचलते. धावणे उभ्याने होते, रस्त्यात चढ येतात, ऊन येते, पुढच्याला गाठण्याचा मोह होतो. मशीनवर यातले काही नाही. वल्हवणे हा मुळात बसून करायचा व्यायाम; सांधे दुखणाऱ्यांनाही तो सुचवतात. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पळणे बंद. त्यांचे दुसरे वाक्यही मी ऐकले होते, पण त्यात वल्हवण्याचे नाव नव्हते.

पंचावन्न वर्षांचा मनुष्य स्वतःशी इतक्या बारकाईने खोटे बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. एका सकाळी मी पायांचे पट्टे आवळले. अगदी हलके, म्हटले. दुसऱ्या सकाळी थोडे कमी हलके.

आमचा करार

सायलीने चोरी पकडली. मी मशीन पुसून ठेवले होते, पण पट्टे तिच्या मापाचे राहिले नव्हते.

"बाबा, हे कोणी सैल केले?"

"झाडताना झाले असतील."

"झाडताना? आणि मुठीला घाम कुणाचा? झाडूचा?"

तिने दाराकडे पाहिले. वसुधा स्वयंपाकघरात होती. मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. पण तूही मला तपासणीचं विचारायचं नाही. रेगाटापर्यंत."

"सायली, तसं नसतं गं."

"मग कसं असतं? चौघींची बोट आहे बाबा. मी उतरले तर त्या तिघींचं वर्ष गेलं. तूच शिकवलंस ना, मधेच थांबायचं नाही?"

शिकवले होते खरे. धावणारा हवे तेव्हा थांबतो. रस्त्याकडेला टपरीवर चहा घेतो, कुणाचे काही बिघडत नाही. बोटीत चौघांपैकी एकाचा ताल अर्धा क्षण चुकला तरी त्याचे पाते पाण्यात अडकते आणि वल्ह्याचा दांडा उलटून त्याच्याच पोटात बसतो. म्हणून आमच्यात रीत होती की "थांबा" फक्त कॉक्सने म्हणायचे. कॉक्स म्हणजे न वल्हवता सुकाणू धरून आमच्याकडे तोंड करून बसणारा. वल्हवणाऱ्याने तो शब्द उच्चारायचा नाही. उच्चारलाच तर कुणी रागावत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा कुणी बसलेला असे, इतकेच.

ही रीत मी तिला लहानपणीच गोष्टीसारखी सांगितली होती, आणि ती तिने मन लावून ऐकली होती.

मी त्या वेळी "नाही" म्हणू शकलो असतो. मशीन विकून टाकतो, तू उद्याच तपासणीला चल, असे म्हणू शकलो असतो. मी मान हलवली. माझी सकाळची वीस मिनिटे वाचावीत म्हणून मी माझ्या मुलीच्या हृदयावर पैज लावली.

धक्का

एका दुपारी सायली सरावाला निघण्याच्या तयारीत होती. वसुधा अजून यायची होती. त्यामुळे दार लोटण्याचीही गरज मला वाटली नाही.

वल्हवताना गुडघे छातीशी येतात, पोट दाबले जाते, आणि पुरता श्वास घेण्याआधीच पाय रेटायची वेळ येते. त्या वाकलेल्या अवस्थेतच ठेका सुटला. तोच कात्रजचा गोंगाट. मी मूठ सोडली, आणि आतून कुणीतरी घणाचा घाव घातला. मी बैठकीवरून फरशीवर फेकला गेलो. ओरडलो असेन, कारण सायली धावत आली आणि तिने माझे डोके मांडीवर घेतले. तेवढ्यात दुसरा घाव बसला. माझे शरीर तिच्या हातांत उडाले. तिचा चेहरा माझ्या अगदी वर होता, उलटा, आणि मी कधी पाहिला नव्हता इतका लहान.

"बाबा, मी आहे. बाबा, मी आहे," एवढेच ती म्हणत राहिली.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

"मी काय सांगितलं होतं?"

"पळायचं नाही."

"मग?"

"मी... बसून करत होतो."

"अहो, तुम्ही बसलात की उभे राहिलात, हे हृदयाला कुठून कळणार? त्याला मागणी कळते. पळताना मुख्यतः पाय मागतात. वल्हवताना पाय, पाठ, हात, सगळे एकदम हात पसरतात. तुम्ही त्याला धाकट्या सावकाराकडून सोडवून थोरल्याच्या दारात नेऊन बसवलंत."

वसुधा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरीणबाई गेल्यावर मी तिला कराराचे सांगितले. स्वतःहून सांगितले, पण त्यात धैर्य नव्हते. लपवायला आता काही जागाच उरली नव्हती. तिने सगळे ऐकून घेतले. सायली बाहेर बाकावर बसली होती. तिच्याकडे काचेतून पाहत वसुधा म्हणाली, "तुमच्या छातीत निदान यंत्र तरी आहे. तिच्या छातीत काय आहे?"

त्यानंतर ती माझ्याशी फक्त औषधांपुरते बोलू लागली. ताट वाढून ठेवी, गोळ्या मोजून देई, आणि आतल्या खोलीत जाई. मी तिला दोष देत नाही.

काठावरून

मला वाटले होते, ते दृश्य पाहिल्यावर सायली आपण होऊन थांबेल. ती थांबली नाही. "आता आठ दिवस तर राहिलेत," ती म्हणाली. पण माझ्याकडे पाहून नाही. तिलाही भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस आपल्या ओळखीच्या शिस्तीलाच घट्ट धरतो. मी तरी दुसरे काय केले होते? वसुधाने विनवले, रडली. उपयोग झाला नाही.

मी रिक्षा करून नदीवर गेलो. सायलीच्या चमूला शिकवणारे खडके एके काळी माझ्याच बोटीत होते. ते माझ्या पुढच्या जागेवर बसत. चेहऱ्यापेक्षा त्यांची मान मला जास्त ओळखीची आहे.

"काय रे, पडलास म्हणे! चांगला दिसतोस की," ते म्हणाले. "नदीचा वास घ्यायला आलास? घे. फुकट आहे."

"सायलीला बोटीतून उतरव."

ते हसायचे थांबले. मी सगळे सांगितले.

"ती स्वतः सांगेल ना मला."

"नाही सांगणार. तू सांगितलं असतंस?"

खडके पाण्याकडे पाहत राहिले. जलपर्णीच्या बेटांमधून चौघींची बोट परत येत होती. चारही पाती एकदम पाण्यात जात होती आणि एकदम वर येत होती. सायलीची पाठ सरळ होती. इतके सुंदर वल्हवणे मला कधी जमले नाही.

"अरे, आठ दिवसांवर शर्यत आहे," खडके म्हणाले.

"ठाऊक आहे."

त्यांनी भोंगा उचलला आणि बोट काठाला बोलावली.

मला घाटावर पाहताच सायलीला कळले. आधी बाकीच्या तिघींबरोबर तिने बोट पाण्यातून उचलली, खांद्यावर घेऊन वर आणली, लाकडी घोडीवर ठेवली, पुसली. आपले वल्हे जागच्या जागी लावले. हे सगळे रीतसर झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं समाधान?"

तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली. शर्यतीच्या दिवशी सायली गेली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली, आणि मी तिच्या दाराबाहेर बसून राहिलो. मी तिला वाचवले असे मला त्या दिवशी वाटले नाही. मी एका मुलीला तिच्या आयुष्यातून उचलून काठावर टाकले आहे, असे वाटले. आजही कधी कधी वाटते.

तपासणी

रक्तातल्या जनुकांच्या तपासणीला काही आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी देवाकडे काय काय मागितले ते लिहिण्यासारखे नाही. माझे उरलेले सगळे घे आणि हिला कोरी ठेव, हे त्यातल्या त्यात सभ्य.

कोरी नव्हती. "हे तुझ्यातही आहे," डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले. तिलाच, आमच्याकडे न पाहता. "पण हृदयाला अजून धक्का लागलेला नाही. कदाचित कधीच लागणार नाही. तो लागू नये असं वाटत असेल, तर बोट सोडायची."

सायलीने विचार केला. मग तिने विचारले, "आणि नुसतं पळलं तर? शर्यत नाही, हळू. त्यात हात तर वापरले जात नाहीत."

मी डोळे मिटले. तो माझाच युक्तिवाद होता, फक्त उलट्या दिशेने निघालेला.

"हा प्रश्न तुझ्या बाबांनी करून पाहिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना विचार." मग थोड्या मऊ आवाजात, "चाल. रोज चाल. चालता चालता आरामात बोलता आलं पाहिजे, तेवढाच वेग. शब्द तुटायला लागला की समजायचं, जास्त झालं. तुम्हा दोघांनाही तेच."

चालणे

वसुधाने आम्हाला रोज सकाळी एकत्र घराबाहेर काढायला सुरुवात केली. बिबवेवाडीतल्या त्या उताराच्या रस्त्याने आम्ही खाली जातो आणि वर येतो. शाळेच्या रिक्षा, दूधवाले, दुकानांची वर जाणारी शटरे. सायली माझ्याशी बोलत नव्हती. चालताना बोलता आले पाहिजे हा नियम, म्हणून मी एकटाच बोलत असे. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवी. भाज्यांचे भाव सांगी. लोक वळून पाहत. तिने एकदाही हुंकार दिला नाही.

हे बरेच दिवस चालले. मग एका सकाळी तिने विचारले, "तुला माझ्या वयात कुणी सांगितलं असतं तर?"

उपयोगाचे उत्तर माझ्या जिभेवर होते. सोडले असते, असे म्हणालो असतो तर तिला कदाचित सोपे गेले असते. पण या घरात मी पुरेसे खोटे बोललो होतो.

"ऐकलं नसतं," मी म्हणालो. "आणि मला कुणी ओढून बाहेर काढलं असतं, तर त्याचं तोंड पाहिलं नसतं."

तिने मान हलवली. जणू कधीचे अडलेले काहीतरी तिला पटले. आम्ही चौकापर्यंत गेलो आणि वळलो. आता चढ होता. ती माझ्या अर्धे पाऊल पुढे होती, आणि तिला गाठण्यासाठी मी नकळत भराभर चालू लागलो होतो. एक पाटी वाचायला घेतली, शब्द मधेच तुटला.

सायलीने मागे पाहिले नाही. तिने आपली पावले आखडली, माझ्या बरोबरीला आली, आणि समोर बघतच म्हणाली, "बाबा, हळू."